नाव मोठ्यानं सांगायचं

ग्रेफेनस्टेट, ३० ऑक्टोबर १८६३

जस्टस,

एकाच गावात राहून सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण परवापासून तू गिरणीच्या गल्लीतून बाहेर पडलेला नाहीस. मी तुझ्या दारात येऊन उभी राहिले, तर नगराध्यक्षांच्या बायकोला तिच्या भावानं आत घेतलं की नाही याची चर्चा संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात होईल. म्हणून आमच्या मोलकरणीच्या, मिनाच्या हाती ही चिठ्ठी देते आहे.

तुला वाटत असेल, ताईला कुणीतरी येऊन सांगितलं असणार, आणि सांगणाऱ्यानं तिखटमीठ लावलं असणार. तसं नाही. मी तिथे होते. नेमबाज मंडळाच्या सभागृहामागच्या स्वयंपाकघरात आम्ही बायका होतो. लोकांनी निवडलेल्या आणि संसदेचा सदस्य ठरवायला मत द्यायला आलेल्या पंचांना दुपारी खायला लागतं, आणि रिकाम्या पोटी राज्यकारभार होत नाही एवढं आम्हाला मत नसूनही कळतं. मी प्लमच्या केकचे तुकडे करत होते आणि वाढायची खिडकी उघडी होती.

आपली रीत तुला मी काय सांगायची. नाव पुकारलं की पंचानं टेबलासमोर उभं राहायचं, आपला उमेदवार मोठ्यानं सांगायचा, कारकुनानं लिहून घ्यायचा. एबरहार्ट वर्षानुवर्षं म्हणत आलाय की ही रीत वाईट, मत गुपचूप देता आलं पाहिजे, मालक समोर बसलेला असताना गडी कसलं मत देणार. त्यावर तूच वाद घालायचास. "भावजी, प्रामाणिक माणसाला आवाज लपवायची काय गरज?" असं आमच्याच टेबलावर बसून, आमचीच वाइन पीत म्हणायचास.

आधी खेड्यांचे पंच झाले. त्यांनी एबरहार्टच्या विरुद्ध उभ्या असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांचं नाव घेतलं, ते अपेक्षितच होतं. त्यांचे जमीनदार पहिल्या रांगेत बसले होते. मग गावाची यादी सुरू झाली. ती वर्णक्रमानं, म्हणजे ब्रांडिस, म्हणजे पहिला तूच. "न्यायाधीश जस्टस ब्रांडिस" असं कारकुनानं पुकारलं आणि मी हातातली सुरी खाली ठेवली. मला तुझा आवाज ऐकायचा होता. लहानपणी तू किती अडखळायचास. आई गेल्यावर मीच तुला गिरणीच्या बांधावर न्यायची आणि पाण्याच्या वर आवाज चढवून बोलायला लावायची. अजूनही तू चारचौघांत उभा राहिलास की मी मनातल्या मनात तुझ्याबरोबर शब्द जुळवते.

तू एकदाही अडखळला नाहीस. "जिल्हाधिकारी फॉन केट्विग," म्हणालास. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

शेजारी पाववाल्या श्राडरची बायको होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पटकन कपबशा पुसायला लागली, तेही पुसलेल्या. गावानं तुला पंच केलं ते तू एबरहार्टचा मेहुणा म्हणून, एरवी न्यायाधीशाला कोण विचारतं. आणि सख्खा मेहुणाच असं म्हणतो म्हटल्यावर बाकीचे कशाला जीव धोक्यात घालतील? ज्यांनी एबरहार्टच्या हातावर हात मारून वचन दिलं होतं, ते एकेक उठले आणि जमिनीकडे बघत केट्विग म्हणाले. तुरुंगाला पाव पुरवतो तो श्राडरसुद्धा. काहींनी तुझ्या भावजींचंच नाव घेतलं, लोहमान म्हटलं, त्यांना माझे आशीर्वाद. पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

एबरहार्ट स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "केक उरलाय का?" उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले. घरी आल्यावर एवढंच बोलला, "त्याला काहीतरी अडचण असेल. रविवारी नेहमीसारखं जेवायला बोलाव."

तेव्हा रविवारी ये. ऑटिलीलाही आण, बायकोला घरी ठेवून येऊ नकोस. काय अडचण होती ते सांग, आणि नीट सांग. मी रागावलेय, पण दार उघडं आहे.

तुझी ताई,
आडेलहाइड


१२ नोव्हेंबर १८६३

जस्टस,

तू आला नाहीस, उत्तर पाठवलंस. तेही कसं, तर कोर्टाच्या कागदावर.

सरकारविरुद्ध मत देणाऱ्या न्यायाधीशांच्या बदल्या होतात, हे मला ठाऊक आहे. तुला पूर्वेला पार रशियाच्या हद्दीजवळ धाडायची धमकी होती आणि तिकडच्या थंडीत ऑटिलीची छाती टिकली नसती, असं तू लिहितोस. ते वाचून मी खुर्चीत बसले आणि रडले, ते तुझ्यासाठी. नंतर डोळे पुसले आणि मला राग आला. तोही तुझ्याच पत्रावर.

अरे, एवढं होतं तर आदल्या दिवशी यायचं. तुझ्या भावजींना तू ओळखत नाहीस? त्यानंच तुला सांगितलं असतं, "जस्टस, उद्या तुला ताप येऊ दे." शाळेच्या हेडमास्तरांना आला होता. घोड्यांच्या डॉक्टरलाही आला. त्या दिवशी निम्म्या गावाला ताप होता आणि कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. अंथरुणात पडून राहणं आणि पहिल्या क्रमांकानं उभं राहून सगळ्यांना वाट दाखवणं यातला फरक तुला कळत नसेल, तर तू न्याय कसला देतोस?

तुझं पत्र मी एबरहार्टला वाचून दाखवलं. त्यानं पाइप भरला, दोनदा विझवला. मग म्हणाला, "ऑटिलीसाठी केलंय. मीही तुझ्यासाठी केलं असतं." मी म्हटलं, "तुम्ही नसतं केलंत." त्यानं पाइप पुन्हा पेटवला.

त्याच्या डोक्यात आता दुसरीच काळजी आहे. नगरसभेनं त्याला पुन्हा बारा वर्षांसाठी निवडलंय, हे तुला माहीत असेलच. तीन सोडून सगळे त्याच्या बाजूनं. आता राजाची मंजुरी यायची. आली नाही तर पदाबरोबर मिळालेलं घर गेलं, काम गेलं, आणि नळ अर्धवट राहिले. पटकीच्या साथीनंतर त्यानं हे नळ मनावर घेतले. वरच्या झऱ्याचं पाणी बाजारापर्यंत आणलं, आणि खालची वस्ती अजून नदीचंच पिते. त्याला संसदेत जायचं नव्हतंच फारसं, लोकांनी उभं केलं. पण नगराध्यक्षपद गेलं तर तो माणूस खचेल. केट्विगसाहेबांच्या पुढ्यात तुझं वजन आता वाढलंय म्हणे. एक शब्द टाक. मी कधी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

ऑटिलीसाठी मिनाबरोबर हंसाची चरबी पाठवतेय. रोज छातीला चोळायला सांग.

तुझी ताई


९ फेब्रुवारी १८६४

जस्टस,

मंजुरी आली नाही. हे तुला माझ्याआधी कळलं असावं असं मला वाटायला लागलंय.

केट्विगसाहेब स्वतः आले. कागद पाठवला असता तरी चाललं असतं, पण त्यांना एबरहार्टचं तोंड बघायचं असणार. मी कॉफी घेऊन आत गेले तर ते आमच्या सोफ्यावर पाय लांब करून बसलेले. म्हणाले, "लोहमान, तुमच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती तुमच्या जिभेबद्दल." आणि मग हसत हसत, अगदी एबरहार्टच्याच सुरात, "राजासाठी मी पेला उचलतो. मंत्र्याच्या तब्येतीचं त्याच्या डॉक्टरनं बघावं."

मी त्यांना कॉफी दिली आणि साखर किती म्हणून विचारलं.

हे वाक्य एबरहार्ट कधी बोलला ते तुला आठवतं? सेंट मार्टिनच्या सणाचं हंसाचं जेवण आमच्याकडे होतं, गेल्याच्या गेल्या वर्षी. तू पेला उचलून चेष्टेत म्हणालास, "चला, मंत्रिमहोदयांच्या नावानं." तेव्हा तो ते बोलला, आणि तू इतका हसलास की तुला ठसका लागला आणि मी तुझ्या पाठीवर थापटलं. टेबलावर एबरहार्ट, मी, तू आणि ऑटिली. मिना जत्रेला गेली होती, हंस मीच वाढला.

एबरहार्टनं ते पुढे कुठेही म्हटलेलं नाही. त्यानं म्हटलं असतं तर गावात ते चार दिवसांत गाजलं असतं.

साहेब गेल्यावर तो खिडकीशी उभा राहिला. म्हणाला, "बाजारात मीच कुठेतरी बोललो असेन." मी लगेच म्हटलं, "हो, तुमच्या जिभेला हाड कुठाय." आणि कॉफीची भांडी उचलून आत गेले. त्याला तुझा संशय येऊ नये म्हणून मी माझ्या नवऱ्याशी खोटं बोलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. बाजारभावाबद्दलसुद्धा नाही.

मत दिलंस ते भीतीनं, असं मी मनाला समजावलं होतं. पण हे कशासाठी? हे तुला कुणी विचारलं होतं? केट्विगच्या शिकारीच्या मेजवानीत हशा पिकवायला सांगितलंस? का आणखी काही पाहिजे होतं? उत्तर पाठवू नकोस. कोर्टाच्या कागदावर तर मुळीच नको.

आडेलहाइड


२० एप्रिल १८६४

जस्टस,

आणखी काय पाहिजे होतं ते आता गावाला कळलं. हंगामी नगराध्यक्ष न्यायाधीश ब्रांडिस. अभिनंदन करायची पद्धत असते, म्हणून करते.

काल ऑटिली पडद्यांची मापं घ्यायला आली होती. बिचारीला दारात उभं राहायची लाज वाटत होती, मीच हात धरून आत आणलं. तिचं माझ्याशी कधी वाकडं नव्हतं. तिच्या छातीची चौकशी केली आणि बोलता बोलता म्हटलं, "एक बरं झालं, पूर्वेच्या त्या थंडीत जायचं तरी टळलं." ती टेप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "पूर्वेला? कोण जाणार होतं पूर्वेला, वन्सं?"

मी म्हटलं, "जस्टसच्या बदलीचं चाललं होतं ना?"

"छे हो. बदली कसली? केट्विगसाहेबांनी ह्यांना ऑगस्टमध्येच सांगितलं होतं की लोहमाननंतर गाव तुम्हीच सांभाळायचं." असं म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाली. मी विषय बदलला. पुढच्या खोलीची खिडकी तिरकी आहे, डावीकडून कापड जास्त सोड, असं सांगितलं.

ऑगस्टमध्ये. मत ऑक्टोबरात. मधल्या प्रत्येक रविवारी तू आमच्याकडे जेवलास. एका रविवारी एबरहार्टनं नळांचा नकाशा तुझ्यासमोर पसरला होता आणि तू बोट ठेवून विचारत होतास, इथे पाइप कसा वळवणार, तिथे उतार किती. मला वाटलं, भाऊ किती मनापासून लक्ष घालतोय. तू घर बघायला आलेल्या भाडेकरूसारखा बघत होतास आणि मी तुला दुसऱ्यांदा सूप वाढत होते.

बायकोच्या दुखण्याआड लपलास, हे मला सगळ्यात लागलं. त्या बाईला माहीतही नाही की तिच्या छातीवर तू काय काय लादलंयस. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं.

हेही मी एबरहार्टला सांगितलेलं नाही. सांगणार नाही. तो तुला अजून भित्रा समजतो, आणि भित्र्या माणसाची त्याला कीव येते. तेवढा तरी भाऊ मला त्याच्या मनात शिल्लक ठेवायचाय.

आज आम्ही नगरसदनातून निघालो. लोकांना एबरहार्टसाठी मिरवणूक काढायची होती, तिला पोलिसांची बंदी आली. तुझी पहिलीच सही त्या हुकमावर होती असं ऐकलं. पण सामान वाहायला बंदी नव्हती. सकाळी चांभार आला, एक खुर्ची उचलली आणि गेला. मग घड्याळजी आला, त्यानं उशी नेली. मग एकेक करत, मध्ये अंतर सोडून, कुणी कढई, कुणी आरसा, कुणी एबरहार्टचे बूट. पाववाला श्राडर आमचं मोठं कपाट पाठीवर घेऊन निघाला, घामाघूम, आणि कुणालाही हात लावू देईना. बाजार ओलांडून चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीतल्या आमच्या नव्या बिऱ्हाडापर्यंत ही रांग दुपारपर्यंत चालली होती. पोलीस कोपऱ्यावर उभा. जमाव म्हणावं तर एकेकच माणूस, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. शेवटी त्यानंही आमची फुलदाणी उचलली.

एबरहार्ट रस्ताभर टोपी काढून चालला. आज मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि माझी मान ताठ झाली.

तू वरच्या खिडकीत होतास. पडदे अजून लागलेले नव्हते, त्यामुळे दिसलास.

आडेलहाइड


१० नोव्हेंबर १८६७

जस्टस,

साडेतीन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायलाच हवं, कारण तुला रविवारचं आमंत्रण गेलंय आणि त्याआधी माझं ऐकून घेतलेलं बरं.

मधल्या काळात तू पक्का नगराध्यक्ष झालास, आणि युद्ध जिंकल्यावर उदारमतवादीही झालास. आता सगळेच झालेत. एबरहार्ट तेव्हा होता जेव्हा त्यात तोटा होता, म्हणून तो आगीच्या विम्याचा एजंट. पावसापाण्याचा खेडोपाडी चालत जातो, शेतकऱ्यांच्या गवताच्या गंजी बघतो, आणि बघता बघता त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. विमा थोडेच उतरवतात, पण त्याला कोपऱ्यावर सोडायला सगळे येतात. यंदा गावानं त्याला पंच केलं.

आणि तू संसदेला उभा. कुणाच्या विरुद्ध, तर केट्विगच्या. ज्याचं नाव घेताना तुझी जीभ अडखळली नव्हती, त्याच्या.

परवा मी पुन्हा त्याच स्वयंपाकघरात होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. खेडी केट्विगकडे गेली. गावाचे पंच मात्र नुसते चुळबुळत होते. यादी तीच, पण यंदा उमेदवार म्हणून तुझं नाव पंचांत नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुणी धडपणे करेना. एक तुझं नाव घ्यायचा, दुसरा केट्विगचं, तिसरा म्हणायचा मला कुणालाच द्यायचं नाही. सगळ्यांचे कान एका माणसाकडे लागले होते. तुला कुणी विसरलेलं नाही, जस्टस. एबरहार्ट काय म्हणतो एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"विमा एजंट एबरहार्ट लोहमान."

तो उठला. त्याची पाठ मला दिसत होती, कोट कोपरावर विरलाय तो मीच रफू केलेला. मला वाटलं, आता. आता हा काहीतरी असं बोलेल की तुला त्या हॉलमध्ये बसणं मुश्कील होईल. माझा जीव नुसता कानात आला होता.

"नगराध्यक्ष जस्टस ब्रांडिस," तो म्हणाला.

मग काय, श्राडरपासून शेवटच्या माणसापर्यंत सगळे तुझंच नाव घेत गेले. तू निवडून आलास. हॉल ओलांडून तू एबरहार्टकडे धावलास, त्याचे दोन्ही हात धरलेस, डोळ्यांत पाणी आणलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी अ‍ॅप्रन खुंटीला लावला आणि मागच्या दारानं घरी आले.

तो आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही त्याचं नाव घेतलंत."

"दोनच नावं होती, आडेलहाइड. केट्विगचं घ्यायला हवं होतं?"

"ताप आला म्हणून घरी राहता आलं असतं."

"मी घरी राहिलो असतो तर निम्मे केट्विगकडे गेले असते. खालच्या वस्तीचे नळ अजून व्हायचेत. वर कुणीतरी आपलं माणूस पाहिजे, आणि जस्टस हुशार आहे."

तेव्हा माझा बांध फुटला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर काढलं. ऑगस्टमधला तुझा आणि केट्विगचा ठराव, बदलीची थाप, सेंट मार्टिनच्या टेबलावरचं वाक्य कुणी पोचवलं ते. तो बसून बूट काढत होता, ऐकत राहिला. दुसरा बूट काढून झाल्यावर म्हणाला, "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"ऑगस्टचं नव्हतं. पण त्या टेबलाचं, केट्विग बोलला त्याच दिवशी कळलं. आपण चौघंच तर होतो. तू बोलली नसतीस, मी बोललो नव्हतो, आणि ऑटिलीला माझे विनोद कधी कळलेले नाहीत."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझा भाऊ आहे. तुला वाईट वाटलं असतं."

त्याला वाईट वाटू नये म्हणून मी ओठ शिवून बसले होते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तो. एका टेबलावर जेवत होतो, एकमेकांपासून तुला लपवत होतो. आमच्या लग्नात एवढी मोठी जागा तू अडवून बसला होतास आणि त्याचं भाडं आम्ही दोघं वेगवेगळं भरत होतो.

आणि हे सगळं ठाऊक असताना त्यानं उभं राहून तुझं नाव घेतलं. ठाऊक नसतं तर मी त्याला भोळा म्हटलं असतं आणि त्याच्या भोळेपणावर जीव टाकला असता. मी विचारलं, "तुम्हाला राग येत नाही?" तो म्हणाला, "येतो. पण माझा राग हा गावाचा प्रश्न नाही." हे वाक्य तुला आवडेल. भाषणात वापर, वर पोचवायची तुला सवय आहेच.

माझा राग हा कुणाचा प्रश्न, ते त्यानं विचारलं नाही. तूही विचारलं नव्हतंस. तुला घडवलं मी, त्याचं घर चालवलं मी, आणि तुमच्या दोघांचा हिशोब तुम्ही एका हॉलमध्ये टाळ्यांच्या गजरात मिटवून टाकलात. मी भिंतीपलीकडे केक कापत होते.

त्यानं तुला रविवारी जेवायला बोलावलंय. घर त्याचं आहे, बोलावणं मोडायचं नाही. कार्प मासा आणलाय, किसलेला मुळा घालून करीन, तुला आवडतो तसा. डॉक्टर आणि पाद्रीसाहेबही येतील, ऑटिलीला शाल आणायला सांग, आमच्याकडे गारठा असतो.

एबरहार्टनं तुला माफ केलं, कारण त्याला गावाचं काम पुढे न्यायचंय. मला कुठलंच गाव चालवायचं नाही. तेव्हा मला माफ करायची काही गरज पडत नाही.

तर ये. पोटभर जेव. पण टेबलावर मला ताई म्हणायचं नाही. सगळे बसले की मीठ माग, आणि मागताना "श्रीमती लोहमान" म्हण, पाद्रीसाहेबांना कमी ऐकू येतं, त्यांनाही ऐकू जाईल असं. एबरहार्ट चमकून माझ्याकडे बघेल. बघू दे.

मीठ मी देईन.

आडेलहाइड लोहमान